घराखालची जमीन, घरावरचे छप्पर

पेणहून हमरापूरच्या बाजूने जोह्यात शिरले की पाहुण्याची नजर गणपतींवर जाते. ते साहजिक आहे. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे ही नावे आज महाराष्ट्रभर माहीत आहेत ती मूर्तींमुळेच. पण एकदा मूर्तींवरून नजर काढून छपरे पाहावीत. एकाच आळीत मंगलोरी कौलांचे घर, त्याला चिकटून सिमेंटच्या पत्र्याची पडवी, पलीकडे स्लॅबचे दुमजली घर, आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून पुन्हा उतरत्या पत्र्याची शेड. मधल्या मोकळ्या जागेत बांबू आणि ताडपत्रीचा मांडव, त्यात वाळत ठेवलेल्या मूर्ती. शंभर वर्षांत आपल्या भागात घरे कशी बदलत गेली, ते एका आळीत शेजारी शेजारी उभे आहे.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की किल्ले येतात, आरमार येते, सिद्दी आणि आंग्रे येतात. राहत्या घरांचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. या लेखात मी विसाव्या शतकातल्या कुलाबा जिल्ह्यातल्या घरांबद्दल लिहिणार आहे. कुलाब्याचे रायगड १९८१ साली झाले, म्हणजे शतकाची ऐंशी वर्षे आपण कुलाबेकरच होतो. मला असे वाटते की या घरांच्या बाबतीत दोन प्रश्न विचारले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. छपराला पैसा कुठून आला? आणि घराखालची जमीन कुणाची होती? घर हिंदूचे की मुसलमानाचे, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि बराच नंतर येतो.

तो आधी संपवून टाकू.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू कथांमधले घर उत्तर हिंदुस्थानातले असते. त्याला सहन असतो, दालान असते, आणि सपाट छत असते. उन्हाळ्यात संध्याकाळी छतावर पाणी शिंपडतात, खाटा टाकतात आणि सगळे घर तारे बघत झोपते. एकदा हे वाचताना एका मुलाने विचारले, "सर, कौलांवर झोपले तर घसरणार नाहीत का?" वर्ग हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्या डोळ्यांसमोर जे घर होते त्याला छत नव्हतेच, छप्पर होते. ज्या भागात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे सपाट छत ही कल्पनाच पुस्तकातली. आमच्या मुलांच्या तोंडी घरात ओटी, पडवी, माजघर, माळा, परस हेच शब्द असतात. पुस्तकातल्या दालानाचा अर्थ मला 'ओटीसारखे' असा सांगावा लागतो.

रोह्याजवळ अष्टमीला, मुरूडला, म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला कोकणी मुसलमानांची जुनी घरे पाहिलीत तर आराखडा तोच दिसेल. समोर अंगण, मग उंच जोत्यावर ओटी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर, बाजूला न्हाणी, पाठीमागे विहीर आणि परस. फरक आहेत, नाही असे नाही. माजघराच्या दाराला पडदा असतो. बायकांची ये-जा बहुतेक परसदाराने होते. देवघराऐवजी भिंतीत ताक असतो आणि त्यात जुजदानात गुंडाळलेले कुरआन. पण छपराचा उतार, जोत्याची उंची, पावसाच्या दिशेच्या भिंतीला लावायची झापे यांत तसूभर फरक नाही. फरक असेल कसा? सुतार तोच, गवंडी तोच, लाकूड त्याच डोंगरातले आणि पाऊस सगळ्यांना सारखा. कोकणातल्या जुन्या मशिदीसुद्धा घुमटाच्या नाहीत, लाकडी खांबांच्या आणि कौलारू आहेत. लांबून पाहिले तर मशीद, देऊळ आणि मोठ्या घरात पटकन फरक कळत नाही. त्यांच्यावर घुमट आणि मिनार चढले ते सिमेंट आल्यावर.

घराघरांत खरा फरक होता तो ऐपतीचा, आणि तो मोठा होता.

शतकाच्या सुरुवातीला बहुसंख्य लोक कुडाच्या घरात राहत होते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर दोन्ही बाजूंनी माती लिंपायची, वर गवत किंवा भाताचा पेंढा. माडांच्या पट्ट्यात झावळ्यांची झापे. अशा घराला रोख पैसा जवळजवळ लागत नाही. लागतात ते दोर, दिवस आणि शेजाऱ्यांचे हात. दर वर्ष-दोन वर्षांनी छप्पर बदलावे लागते. आगीची भीती कायमची, म्हणून चुलीवरच्या भागाची सगळ्यांत जास्त काळजी. त्यावरची पायरी म्हणजे नळीची कौले. कुंभार ती गावाजवळच करत. नळीचे कौल हलके, नुसते एकावर एक ठेवलेले. मांजर पळाले, माकडाने उडी मारली की सरकते. म्हणून मे महिन्यात घर शाकारणे हे मोठे काम असे. गावात सगळ्यांची शाकारणी एकाच पंधरवड्यात यायची, त्यामुळे शाकारणाऱ्या माणसाचा भाव त्या पंधरा दिवसांत जावयासारखा असायचा.

श्रीमंतांची घरे वेगळी. उत्तरेला पेण, अलिबागकडे काळ्या दगडाची, दक्षिणेला श्रीवर्धन, म्हसळ्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांची. चुन्याचे जोडकाम, सागाचे खांब. अशी घरे गावात थोडी असत. खोत, इनामदार, सावकार, मोठे व्यापारी, बंदरावरचे दलाल यांची. आज 'कोकणी वाडा' म्हणून ज्यांचे फोटो काढले जातात ती हीच घरे. जुन्या कोकणचे राहणीमान म्हणून ते फोटो पाहणाऱ्याची मोठी फसगत होते. दहातले नऊ लोक ज्या घरात राहत ते घर फोटो काढायला उरलेलेच नाही. ते पावसात विरघळून मातीत गेले.

लाकडाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा. घराचे वासे, आडी, खांब हे सगळे जंगलातून येई. १८७८ चा आणि मग १९२७ चा वन कायदा आला, डोंगर राखीव झाले, आणि गावकऱ्याला स्वतःच्या घराच्या वाशासाठी परवानगी लागू लागली. चोरून तोडले तर दंड. २५ सप्टेंबर १९३० रोजी पेणपासून फार लांब नसलेल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, सत्याग्रही मारले गेले, मामलेदार जोशीही मारले गेले. हे स्वातंत्र्यलढ्याचे पान म्हणून आपण शिकवतो आणि तसे ते आहेच. पण त्या डोंगरावर कोयते घेऊन गेलेल्या माणसांच्या दृष्टीने जंगल म्हणजे सरपण, राब आणि घराचे लाकूडही होते, हे मुलांना सांगितले की धडा एकदम जवळचा होतो.

जोहे ज्या मुलखात आहे तिथे आणखी एक अडचण होती. पेण आणि अलिबागचा खाडीकाठचा सपाट भाग म्हणजे खारेपाट. ही जमीन समुद्राकडून बांध घालून मिळवलेली. बांध, त्यात पाणी सोडायच्या उघाड्या, बांधाआड भात. भरतीला खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच असते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी शेतात घुसते आणि पुढची काही वर्षे पीक गेले समजा. अशा मुलखात कोरडी उंच जागा ही सगळ्यांत महाग वस्तू. म्हणून खारेपाटातली गावे एकेका उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेली दिसतात. एका घराची पागोळी दुसऱ्याच्या भिंतीवर पडते, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात. आजूबाजूला एवढी मोकळी जमीन असून ही माणसे अशी का दाटून राहतात, असे बाहेरच्याला वाटते. ती मोकळी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, हे त्याला दिसत नाही. बांधांची देखभाल गावकरी एकत्र येऊन करत. १९४८ च्या खारजमीन कायद्याने सरकार त्यात आले. बांध कुणी सांभाळायचा हा वाद मात्र तेव्हापासून मिटलेला नाही.

आता छपराच्या पैशाकडे येऊ.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेले, खाचेत खाच बसणारे सपाट लाल कौल. ते नळीच्या कौलासारखे सरकत नाही, कमी लागते, आणि दरवर्षी शाकारावे लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर ते गलबतांतून वर सरकत गेले. आपल्याकडे धरमतरच्या खाडीतून पेणला, कुंडलिकेतून रोह्याला. रस्ते खराब होते, रेल्वे नव्हती, पण कौल हा जड आणि फुटका माल असल्याने त्याला पाण्याची वाट उलट सोयीची होती. म्हणून बंदराच्या गावांत मंगलोरी कौल आधी आले आणि बंदरापासून चार-पाच कोस आत असलेल्या गावांत कितीतरी उशिरा. जुने घर मोडताना कौल उलटे करून पाहा. पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. आमच्याकडच्या एका घराच्या कौलांवर तीन निरनिराळ्या कारखान्यांची नावे सापडली होती. यावरून कळते की छप्पर एका दमात झालेले नव्हते. एका वर्षी पुढची बाजू, दोन वर्षांनी मागची, पडवी त्यानंतर.

आणि पैसा? तो शेतातून आला नाही. कुळाच्या शेतातून खंड देऊन उरते काय! पैसा मुंबईतून आला, आणि कोकणी मुसलमानांच्या बाबतीत जहाजांतून आला. आगबोटींवर डेकवर काम करणारे खलाशी मोठ्या संख्येने कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान होते. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर ते चढत, महिनोन्‌महिने बाहेर राहत, आणि दोन सफरींच्या मध्ये मुंबईत गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, झोपायच्याही पाळ्या. गिरणीत काम करणाऱ्या कोकणी हिंदूंचीही हीच तऱ्हा. मुंबईत खोलीचा कोपरा आणि गावाला कौलांचे घर, ही एकाच कुटुंबाची दोन टोके होती. गावाकडचे घर जितके प्रशस्त, तितका मुंबईतला माणूस दाटीत राहिलेला, असे साधारण धरून चालायला हरकत नाही.

पण छपराला पैसा आला तरी घर आपले होतेच असे नाही. इथे दुसरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या शतकाच्या इतिहासातला तोच सर्वांत मोठा आहे.

खोती गावात कूळ ज्या जमिनीवर घर बांधून राहत असे ती जमीन खोताची. भिंत कुळाची, माती खोताची. खंड थकला, वेठीला नकार दिला, खोताच्या विरोधात साक्ष दिली, तर शेत जाईच, पण घरही उठवता येई. माणूस शेत सोडून एक वेळ दुसरीकडे मजुरी करील. बायकामुलांसह चुलीवरून उठवले जाण्याची भीती वेगळी. पक्के घर न बांधण्यामागे गरिबी हे कारण होतेच. त्याच्या जोडीला हेही होते: दुसऱ्याच्या जमिनीवर दगडाचा पाया कोण घालील? कुडाचे घर उचलून नेता येते.

म्हणून अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप मला घरांच्या इतिहासातलीही घटना वाटते. ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो सहा वर्षे, १९३९ पर्यंत टिकवला. सहा वर्षे शेत पडीक! त्या लोकांनी लाकूडफाटा विकून, करवंदे विकून, मासळीवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला आला.

त्याच्या एक वर्ष आधीचा, १९४८ चा कूळ कायदा सगळ्यांना शेतजमिनीसाठी आठवतो. १ एप्रिल १९५७, कृषकदिन, कसेल त्याची जमीन. पण या कायद्यातली १६ आणि १७ ही कलमे लोकांच्या फारशी लक्षात नाहीत. सोळावे कलम सांगते की कुळाने जमीनमालकाच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधले असेल तर शेतातून काढले तरी त्याला त्या घरातून काढता येणार नाही. सतरावे कलम सांगते की मालकाला ती घराखालची जागा विकायची असेल तर ती घेण्याचा पहिला हक्क घरात राहणाऱ्या कुळाचा. पुढे दुरुस्त्या होऊन काही जागा ठरलेल्या तारखेपासून कुळाने खरेदी केल्याच असे मानले गेले. दोन छोटी कलमे. पण कुडाच्या जागी विटांची भिंत उभी करायची हिंमत या दोन कलमांनी दिली. पन्नास-साठच्या दशकांत गावोगाव जोती उंच झाली, कुडाच्या भिंती गेल्या, मातीच्या किंवा विटांच्या आल्या. त्याचे श्रेय आपण 'विकासा'ला देतो. मी ते आधी त्या कलमांना देईन.

या बाबतीत आपल्या समाजाने एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्यात खोतही होते आणि कुळेही होती. जंजिरा संस्थानात, पेण-रोह्याच्या मुसलमान वतनदारांत, मोठ्या जमिनी असलेली घराणी होती. कूळ कायद्याने त्यांचे खूप गेले. त्या घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'जमीन गेली' हे शब्द अजून येतात. ते दुःख खरे आहे. पण त्यांच्या गेलेल्या जमिनीवर ज्यांची घरे होती त्यांत कुणबी, आगरी होते तसे मुसलमान कूळही होते. 'आपली' जमीन गेली असे म्हणताना 'आपली' म्हणजे नेमकी कुणाची, हे विचारायला हवे.

सत्तरच्या दशकानंतर पैशाची वाट बदलली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली, आणि जहाजावर चढणारा मुलगा विमानात बसला. खलाशाच्या पैशाने कौले आली होती, आखातातल्या पैशाने स्लॅब आला. फक्त सिमेंट मिळत नव्हते! आज चाळिशीच्या आतल्या वाचकांना हे सांगूनही पटत नाही. १९८२ पर्यंत सिमेंटवर पूर्ण सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परमिट, परमिटसाठी अर्ज, अर्जासाठी ओळख. आणि याच सिमेंटने आपल्याच जिल्ह्यातल्या, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतच्या, मुख्यमंत्र्यांचे पद घेतले. बॅरिस्टर अ. र. अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री झाले. बिल्डरांना दिलेल्या सिमेंटच्या वाटपाचा संबंध ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांशी जोडला गेला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले, आणि १९८९ मध्ये पूर्ण. आमच्या भागात अंतुल्यांबद्दल आजही दोन टोकांची मते ऐकू येतात. ती दोन्ही बाजूला ठेवून मी एवढेच पाहतो की ज्या टंचाईत एका पोत्याला राजकीय किंमत होती, ती टंचाई संपली तेव्हाच कोकणातला स्लॅब सर्वसामान्य झाला.

त्याच दशकात थळला खत कारखाना सुरू झाला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल आले, रोह्याची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांनी आपल्या कामगारांसाठी वसाहती बांधल्या. सपाट स्लॅब, घरात नळ, घरात संडास. शेजारच्या गावकऱ्याने ते पाहिले आणि 'चांगले घर' म्हणजे हे, असे ठरले. १९८६ मध्ये आपटा ते रोहा रेल्वे आली, महामार्गावर ट्रक होतेच. वाळू खाडीतून, विटा पेणच्या आसपासच्या भट्ट्यांतून, सळई ट्रकने. पूर्वी घराचे सामान पंचक्रोशीतले असे. आता पंचक्रोशीतली फक्त रेती आणि विटा उरल्या.

जोह्यात याच काळात घराचा अर्थ आणखी एका तऱ्हेने बदलला. पेण शहरातल्या कारखान्यांत मूर्तिकाम शिकलेली माणसे गावी येऊन स्वतःचे काम करू लागली. ओटीवर साचे आले, पडवीत माती, माळ्यावर वाळलेल्या मूर्ती. मूर्तीचा खरा हंगाम पावसाळ्यात. म्हणजे ज्या दिवसांत छपरातून एक थेंबही चालत नाही, नेमके त्याच दिवसांत घर मालाने भरलेले. बाकी गावांत गळके छप्पर म्हणजे गैरसोय. इथे गळके छप्पर म्हणजे वर्षाची कमाई गेली. म्हणून जोह्यात घरांवर आणि शेडवर होणारा खर्च पाहून नवल वाटू नये. घर आणि कारखाना यांच्यातली भिंतच गेली. बायका रंगकाम आणि आखणी घरातच करतात, स्वयंपाक आणि कारखाना एकाच छपराखाली चालतो. मूर्ती उंच होत गेल्या तशी छपरेही उंच झाली.

स्लॅबचे काय झाले? जे व्हायचे तेच. खारी हवा सळईला लागते, सळई गंजून फुगते, सिमेंट सुटते, आणि पाऊस आत येतो. डांबर लावा, पावडर टाका, चार-पाच वर्षांनी पुन्हा तेच. शेवटी लोकांनी स्लॅबवर उतरती पत्र्याची शेड उभी केली. आज पेणपासून म्हसळ्यापर्यंत स्लॅबचे नवे घर बांधताना लोक शेडचा खर्च आधीच धरतात. म्हणजे आपण कौले काढली, उतार मोडला, लाखो रुपये घालून सपाट छत केले, आणि त्यावर पुन्हा उतार बांधला. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेवटी पावसानेच दिले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे हेच पत्रे पानांसारखे उडाले. कौले फुटली तीही हजारोंनी, आणि नवी कौले मिळता मिळेनात. काहींनी मग नाइलाजाने कौलांच्या जागी पत्रे घातले.

आखातातल्या पैशाने बांधलेली बरीच घरे आता बंद आहेत. मुले मुंब्र्याला, पनवेलला, दुबईला, काही लंडनला. घराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, किंवा आजोबांनंतरच्या पंचवीस-तीस वारसांची रांग. छप्पर गळते, पण दुरुस्ती कुणी करायची? विकायचे तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि एक भाऊ बहरीनला तर एका बहिणीची मुले पुण्याला. १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या वारसाला शरियत लागू झाली, पण त्यातून शेतजमीन वगळलेली होती. घर मात्र त्यात आले. म्हणजे घरात मुलीचा हिस्सा कायद्यानेही ठरलेला आणि दीनानेही. प्रत्यक्षात किती घरांच्या उताऱ्यावर बहिणींची नावे आहेत? नावे लागली तरी पुढच्या वर्षी हक्कसोड होते, 'भावाचे माहेर टिकले पाहिजे' म्हणून. हिंदू घरांत वेगळे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तर तेविसावे कलमच होते की भाऊ वाटणी मागत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येणार नाही. ते २००५ मध्ये काढले गेले. कलम गेले, रीत राहिली. ज्या माहेरासाठी बहिणीने सही केली त्या माहेराला आज कुलूप आहे, हे मी आमच्याच आळीत चार घरांत पाहतो.

आणि शेवटी ज्यांच्या घराखालची जमीन अजून त्यांची नाही त्यांच्याबद्दल. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांत डोंगराच्या कडेने कातकरी वाड्या आहेत. कूळ कायदा त्यांच्या उपयोगी पडला नाही, कारण बहुतेक कातकरी कागदावर कधी कूळच नव्हते. मालकाच्या माळावर त्याच्या रखवालीला किंवा मजुरीला म्हणून बसवलेले, तोंडी. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली, पुढे घरकुले आली, २०२३ मध्ये पीएम-जनमन आले. सगळ्या योजनांत पैसे घरासाठी, पण घर बांधायला स्वतःची किंवा सरकारची जागा लागते. ती नसली की मंजुरी कागदावर राहते. खोताच्या जमिनीवर कुडाचे घर बांधणाऱ्या कुळाची १९३० सालची जी स्थिती होती, ती या वाड्यांत अजून संपलेली नाही.

दिवाळीनंतर यातली बरीच कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. आपली पक्की घरे ज्या विटांची आहेत त्यांतल्या कितीतरी त्यांनी थापलेल्या आहेत. भट्टीवर राहायला खोपी असते. तिच्या भिंती बहुतेकदा विटाच एकावर एक रचून केलेल्या असतात, मधे माती न घालता, वर गवत किंवा प्लास्टिक. हंगाम संपला की त्या भिंती उकलतात आणि त्यातल्या विटा गाडीत भरून विकायला जातात.